लौकेवरचे गुलाब

"बरं केलंस हं बर्डी, वेळेवर चार मुळ्या काढून आणल्यास. नाहीतर लौकेचा माळ मोडल्यावर कुठले दिसायला हे गुलाब," ॲग्नेस म्हणाली आणि तिने खसखस भरलेला दुसरा गोड पाव, कोलाच, उचलला.

बर्डीनच्या हातात कॉफीची किटली होती. ती ओतत राहिली. कप भरला, बशी भरली, मग टेबलावरच्या कापडावर एक तपकिरी डाग पसरत निघाला, आणि तो कुठवर जातो ते बघण्यात ती इतकी गुंतली की ॲग्नेसने "अगं, अगं" म्हणत रुमाल टाकला तेव्हा दचकली. "हात थरथरतो हल्ली," ती म्हणाली. तिचा हात कधीच थरथरत नव्हता. ॲग्नेस म्हणजे तिच्या आईच्या मावसबहिणीची मुलगी. मधली काही वर्षं टेक्ससला लेकीकडे राहून याच वसंतात लिंकनला परतलेली. तिच्या बोलण्यात कसलाही काटा नव्हता. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बोलावी तशी ती बोलत होती. "आमच्या रेमंडचं शेत लागूनच ना. तो सांगत होता, नांगर घातला त्या दिवशी दोनदा फाळ अडकला म्हणे, इतकी मुळं. कधीची मुळं ती, अशी सोडतायत होय!" "हो ना," बर्डीन म्हणाली. हे "हो ना" आपल्या तोंडून कसं आलं याचं तिला नंतर नवल वाटत राहिलं. लौका कशी मोडली, कधी मोडली, कुणी सांगितलं, असं काहीच तिने विचारलं नाही. तिला फक्त एवढंच वाटलं की आपल्याला हे ठाऊक नाही हे ॲग्नेसला कळता कामा नये. चोरी आपल्या घरी झाली आणि लाजही आपल्यालाच वाटतेय, असं काहीतरी.

ॲग्नेस गेल्यावर ती कप न उचलता तशीच मागच्या पायरीवर बसली. समोर ते गुलाब होते. फुलं नसती तर त्या झुडपांकडे पाहून कुणाला गुलाब आठवला नसता. उंची गुडघ्याच्याही खाली, काड्या बारीक, त्यांच्यावर काट्यांऐवजी दाट ताठ केस उगवल्यासारखे. पाच पाकळ्यांचं सपाट, उघडं फूल; पहिल्या दिवशी गडद गुलाबी, दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी जवळजवळ पांढरं, आणि मग वाऱ्याची झुळूक आली की संपलं. वास फक्त सकाळी, ऊन चढायच्या आत. शेजारपाजारचे लोक आपापले मोठे, गच्च पाकळ्यांचे गुलाब औषधं मारमारून जगवायचे आणि कुंपणावरून इकडे बघून "तुमच्याकडे ते रान माजलंय ते काय आहे?" असं विचारायचे. बर्डीनला ते आवडायचं. तिचा गुलाब खत मागत नव्हता. खत घातलं तर उलट फोफावून लोळायचा आणि फुलं कमी द्यायचा. हिवाळा संपता संपता त्याला जमिनीपर्यंत कापून टाकायचं, की नव्या काड्यांवर जूनमध्ये फुलं. पानांचे मधमाश्या नेटके गोल तुकडे कापून न्यायच्या, आणि ती कुरतडलेली पानं पाहून लॅड, तिचा नवरा, दरवर्षी म्हणायचा, "तुझ्या गुलाबाला कंडक्टरने पंच केलंय बघ."

ती मुळी आणली तेव्हा तिचे वडील होते. त्यांचा तो शेवटचा मार्च. लौका हा आजोबांच्या बोलीतला शब्द, गवताचं कुरण एवढाच त्याचा अर्थ. पण त्यांच्या घरात तो एकाच जागेचा होता. शेताच्या मागच्या अंगाचा उताराचा माळ, आजोबा त्या गावी आले तेव्हाही न नांगरलेला आणि त्यांनीही न नांगरलेला. सगळीकडे मका झाला, गहू झाला, लौका तशीच राहिली. जुलैत एकदा गवत कापायचं, बाकी वर्षभर तिकडे कुणी जायचं नाही. वडील त्या दिवशी खुर्ची घेऊन आले होते, कारण त्यांना उभं राहवत नव्हतं, आणि त्या खुर्चीवर बसून ते फावडं कुठे घालायचं ते सांगत होते. "अजून खाली. अजून. ती काही वरवरची नसतात." एवढ्याशा काडीखाली मूळ संपेना. शेवटी ते तुटलंच. वडील म्हणाले, "तुटलं तरी चालतं. तुकड्यातून येतो तो." मग तिच्याकडे आणि मायलोकडे, तिच्या भावाकडे, आळीपाळीने बघून म्हणाले, "एवढं सोडा बाकी कसंही करा." त्यातलं 'सोडा' म्हणजे तसंच राहू द्या, याविषयी तिच्या मनात कधी शंका आली नव्हती. मायलो तेव्हा "हो बाबा" म्हणाला होता. वडील गेल्यावर तिने आपला वाटा मायलोच्या नावावर करून दिला, हसत हसत, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. म्हणाली, शेती तू करतोस, शेत तुझं, फक्त लौका राहू दे. त्यानं तिला मिठी मारली होती. त्याच्या शर्टाला डिझेलचा वास येत होता.

पहिल्या उन्हाळ्यात मुळीतून काही उगवलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात लावलं त्या जागी काही नाही, पण दोन हात अंतरावर, विटांच्या पायवाटेच्या फटीतून एक तांबूस कोंब वर आला. मग त्याने कुणाला विचारलं नाही. जमिनीखालून कुठूनही जायचा, कुठेही डोकं काढायचा. लॅडच्या हिरवळीत शिरला, तेव्हा लॅडने गवत कापायचं यंत्र वळवून त्याला जागा सोडली. एकटं झुडूप आडवं पडतं म्हणून तिने पुढे लौकेवरचंच थोडं गवत आणून मधे लावलं. त्या गवताच्या आधाराने काड्या उभ्या राहिल्या, जशा तिकडे राहायच्या. तिच्या मनात मात्र हा बागेतला गुलाब म्हणजे नमुना होता. दुकानात कापडाचा तुकडा ठेवतात तसा. खरं कापड तिकडे होतं, उतारभर पसरलेलं, आणि इथल्या एका फुलाकडे पाहताना तिला नेहमी तो उतार दिसायचा.

म्हणून तर तो फोन. दर जूनच्या पहिल्या रविवारी, चर्चहून आल्यावर, ती मायलोला फोन करायची. "फुललेत का रे?" आणि मायलो म्हणायचा, "फुललेत म्हणजे? पाय ठेवायला जागा नाही." दरवर्षी तेच शब्द. ती हसून फोनवर हात ठेवायची आणि टेबलाशी बसलेल्या लॅडला सांगायची, "पाय ठेवायला जागा नाही म्हणतोय!" लॅड उठायचा आणि आपला कप विसळायला न्यायचा. आता पायरीवर बसून तिला तो नळाचा आवाज ऐकू आला. कप विसळायला इतकं पाणी कशाला सोडतो हा, असं तिला तेव्हा वाटायचं. तिने उभा जन्म शाळाशाळांतून मुलांचे कान तपासण्यात घालवला होता. कानाला यंत्र लावायचं आणि म्हणायचं, ऐकू आलं की हात वर कर. काही मुलं ऐकू न येताच हात वर करायची, बाईंना बरं वाटावं म्हणून. ती त्यांना चेहऱ्यावरून ओळखायची. हात वर जायच्या आधी डोळे तिच्याकडे यायचे. फोनमध्ये डोळे दिसत नाहीत. पण लॅड तर समोर होता.

छे, असं म्हणून ती उठली. ॲग्नेसचं वय झालंय. रेमंडच्या शेजारी आणखीही कुरणं असतील. आणि फोटो होता की. गेल्याच्या गेल्या जूनमध्ये मायलोने पाठवलेला, लौकेवरच्या गुलाबांचा फोटो, तिने मोठा करून फ्रिजच्या दारावर लावलेला. ती आत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. गवतातून डोकावणारी पाच-सहा फुलं, एकावर भुंगा. रंग बघ. तिच्या बागेतल्या फुलांना हा रंग कधी आला नव्हता. फोटो आला त्या वर्षी तिने दोन्हींची तुलना केली होती आणि तिला आपली फुलं फिकट वाटली होती. मग तिने पाणी कमी केलं, मातीत वाळू मिसळली, तरी तो रंग येईना. "तिकडची गोष्टच वेगळी," ती लॅडला म्हणाली होती. लॅड "हं" म्हणाला होता. फोटोकडे बघता बघता तिचा जीव थाऱ्यावर आला. लौका आहे. दोन वर्षांपूर्वी होती म्हणजे आहे. त्या रात्री जेवताना तिने लॅडला ॲग्नेसबद्दल सगळं सांगितलं, टेक्ससचं, लेकीचं, गुडघ्याचं. तेवढं एक वाक्य सोडून. ते आपण का सोडलं हेही तिला कळलं होतं, पण तिने ते मनात पूर्ण होऊ दिलं नाही.

सकाळी ती म्हणाली, "आज लौकेवर जाऊ या."

लॅड पावाला लोणी लावत होता. "आज?"

"आज. फुलं आलीत. तिकडेही आली असतील."

"मायलोला फोन करून ठेव आधी."

"कशाला? लौका काय बाहेर गेली असेल?"

तो हसला नाही. "परवा पाऊस झालाय. मागच्या वाटेला चिखल असणार."

"बूट घालू."

"गोचिड्या असतात यंदा, पेपरात आलंय."

"असू दे. घरी येऊन काढू एकमेकांच्या."

लॅडने लोणी लावलेला पाव बशीत ठेवला आणि खाल्ला नाही. गेली काही वर्षं हे असंच तर होत आलं होतं. चिखल, गोचिड्या, गाडीचं चाक, तिचं कंबरेचं ऑपरेशन. "पुढच्या वर्षी धडधाकट होऊन जाऊ," असं तो म्हणायचा आणि तिला वाटायचं, किती जपतो. मायलोही शेतावरचं घर सोडून विल्बरला राहायला गेला होता, भेटी तिथे व्हायच्या, नाहीतर ईस्टरला, नाताळला तीच मंडळी लिंकनला यायची. शेतावर जायचं कारणच उरलं नव्हतं, फक्त लौका होती, आणि ती कुठे पळून जाणार होती.

गाडी तिने चालवायला घेतली. तासाभराचा रस्ता. शहर मागे पडलं तसं तिने ठरवलं की आपण काही बोलायचं नाही, हा सगळा रस्ता लॅडला द्यायचा. एवढ्या रस्त्यात माणूस काहीही सांगू शकतो. तो गव्हाबद्दल बोलला. गहू यंदा आखूड राहिलाय, म्हणाला. पुढे पुलाचं काम चाललं होतं, त्याबद्दल बोलला. क्रीट गावाच्या पुढे एक हरीण रस्त्याच्या कडेला मरून पडलं होतं, त्याबद्दल बोलला. प्रत्येक वेळी त्याने तोंड उघडलं की तिला वाटायचं, आता. आणि तिची बोटं स्टिअरिंगवर घट्ट व्हायची. लॅडला खोटं बोलता येत नाही, हे ती अभिमानाने सगळ्यांना सांगत आलेली. लग्नाच्या सकाळी चर्चच्या दारात त्याने तिला सांगितलं होतं की बाही काखेत उसवलीय. पत्ते खेळताना हातातलं पान चुकून दिसलं तर तो सांगायचा, मला दिसलं. डॉक्टरने विचारलं तर किती बिअर ते बरोब्बर सांगायचा आणि ती लाजायची. विचारलं की सांगतो. आणि तिने कधी विचारलं नव्हतं. कुणी विचारतं का असं, की ज्या जागेवरून मी आत्ता फोनवर आनंदाने बोलले ती जागा आहे ना?

शेताच्या वळणावर तो म्हणाला, "बर्डी, जरा थांबव." तिने थांबवली नाही. आता उशीर झाला होता. आता तो सांगणार ते तिच्या डोळ्यांना दिसणारच होतं, आणि जे दिसणारच आहे ते सांगण्याला सांगणं म्हणत नाहीत.

फाटक नव्हतं. कुंपणही नव्हतं. मक्याच्या ओळी रस्त्यापासून निघून सरळ उतारावर चढल्या होत्या आणि पलीकडे उतरून गेल्या होत्या, कुठेही न अडखळता. पोटरीएवढा मका, ओळींमधली माती काळी, पावसाने चापून बसलेली. उताराचा आकार तेवढा तोच होता. ओळखीच्या माणसाला दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखा. ती गाडीतून उतरली आणि पहिल्या ओळीपाशी उभी राहिली. आपण रडू असं तिला वाटलं होतं, पण मन भलतीकडेच गेलं. ती हिशेब करत होती की वडिलांची खुर्ची कुठे होती. तिथे, त्या खळग्याच्या वर. तिथेही मका. कडेच्या खड्ड्यात काही उरलंय का म्हणून तिने वाकून पाहिलं. खड्ड्यातलं गवत औषध मारून पिवळं केलेलं होतं. कसलाच आवाज नव्हता. जूनमध्ये लौकेवर पक्ष्यांचा इतका कलकलाट असायचा की आई म्हणायची, बाजार भरलाय. मक्याला आवाज नसतो.

लॅड मागे येऊन उभा राहिला होता. टोपी हातात घेऊन. पुरलेल्या जागेपाशी उभं राहावं तसा.

"कधी?" तिने विचारलं.

"पाच वर्षं झाली. मार्चमध्ये."

"तुला कधी कळलं?"

"आदल्या दिवशी. मायलोने बोलावून घेतलं. तू तेव्हा त्या तुझ्या बहिणीसारख्या मैत्रिणीकडे, मार्गरेटकडे होतीस ना, ओमाहाला, ती आजारी होती तेव्हा."

"तू इथे आलास?"

"हो."

"मग?"

"बघितलं. त्याला म्हटलं, बर्डीला काय सांगणार. तो म्हणाला, सांगतो मी सावकाश."

"मग?"

"मग काय. त्याच्याकडे जेवलो आणि आलो."

"जेवायला काय होतं?"

लॅडने तिच्याकडे पाहिलं. "बदक होतं. कॉनीने केलं होतं. बर्डी..."

बदक. सोबत कोबी असणार आणि पिठाचे वाफवलेले गोळे, आणि लॅडने दुसऱ्यांदा वाढून घेतलं असणार, कारण मायलोच्या बायकोचं, कॉनीचं, बदक चांगलं होतं. तिला ते ताट दिसलं, त्यातली चरबी गोठत आलेली, आणि त्याच वेळी खिडकीबाहेर, मैलभरावर, शेवटच्या रात्रीची लौका. मार्चमधली लौका तपकिरी असते, मेल्यासारखी दिसते, सगळं खाली असतं. "गाडीत फावडं होतं?" तिने विचारलं. फावडं त्याच्या गाडीत कायम असायचं, बर्फासाठी. "होतं," लॅड म्हणाला. विचारलं की सांगतो.

विल्बरला मायलो गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसला होता, एक पाय स्टुलावर. "अरे वा! न सांगता सवरता?" असं म्हणत तो उठायला लागला, तेवढ्यात त्याला तिच्या बुटांवरची काळी माती दिसली, मग तिच्या मागे लॅडचा चेहरा दिसला, आणि तो पुन्हा बसला.

"पाय ठेवायला जागा आहे आता," बर्डीन म्हणाली.

"बस आधी."

"नाही बसत. का केलंस?"

मायलोने गुडघा चोळला. तो कायम थट्टा करणारा माणूस. बापाच्या मातीच्या दिवशीही त्याने लोकांना हसवलं होतं. आता तो थट्टा शोधतोय आणि ती सापडत नाहीये, हे तिला दिसत होतं. "शेत भाड्याने दिलं तेव्हा तो करणारा म्हणाला, तेवढा तुकडा मधे येतो. यंत्र मोठं असतं त्यांचं. वळवावं लागतं."

"यंत्र वळवावं लागतं म्हणून?"

"म्हणून नाही!" तो एकदम ओरडला. "तुला फुलं होती, बर्डी. मला गवत होतं. जुलैतलं गवत. तू लिंकनला, आणि मी त्या उतारावर, साप, काटे, दर वर्षी मोडणारं ते कापणी यंत्र, आणि खुर्चीत बसून बाबा, 'सोड तेवढं, सोड तेवढं'. मला माणसासारखं बोलले नाहीत ते, त्या गवताबद्दल जेवढं बोलले. ज्या दिवशी मोडलं ना, त्या दिवशी मी झोपलो. खरं सांगतो. गाढ झोपलो."

कॉनी हात पुसत दारात आली होती आणि तिथेच थबकली होती.

"मग तेच सांगायचं होतंस," बर्डीन म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच मवाळ वाटला, शाळेतल्या मुलांशी बोलायची तसा. "भांडले असते. वर्षभर बोलले नसते. पण तू सांगायला हवं होतंस."

"सांगणारच होतो. पहिल्या जूनला तू फोन केलास, आणि आवाज असा तुझा, लहान मुलीसारखा. तोंडातून निघून गेलं. मग दुसऱ्या वर्षी काय सांगू? की गेल्या वर्षी खोटं बोललो? एकदा बोललं की ते बोलतच राहावं लागतं. आणि तू तरी काय विचारायचीस ग? फुललेत का, फुललेत का. माझे दोन्ही गुडघे गेले, तू कधी विचारलंस, गुडघे कसे आहेत रे?"

हे खरं होतं. तिने विचारलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याकडे एक खरी गोष्ट असावी, आणि ती त्याने अशी नेमक्या वेळी काढावी, याचा तिला इतका संताप आला की क्षणभर बाकी सगळं मागे पडलं.

"आणि तुझ्याकडे आहेत ना ते," मायलो पुढे म्हणाला, जरा खाली येऊन. "बागेत. मग गेलं कुठे? आहेच की."

"माझ्याकडे एक झुडूप आहे, मायलो. लौका नाही."

कॉनीला राहवलं नाही. कॉनी मनाची वाईट नव्हती. बोलून मोकळं होण्याची तिला घाई असायची. "मी तेव्हाच म्हटलं होतं, फोनवर बोलणं वेगळं, पण फोटोबिटो नको," ती म्हणाली. "मी लॅडला म्हटलंसुद्धा, हे जरा जास्तच होतंय."

बर्डीन मागे वळली. लॅड खाली बघत होता, गॅरेजच्या फरशीवरच्या तेलाच्या डागाकडे.

"कुठला फोटो?" हे तिने विचारलं खरं, पण विचारता विचारताच तिला ते फूल दिसलं, भुंग्यासकट, आणि त्या फुलाखालचं गवत, जे तिने स्वतः लावलं होतं. तिची स्वतःची बाग. सकाळी, ती चर्चमध्ये फुलं मांडायला लवकर गेली असताना, लॅडने वाकून काढलेला, मायलोकडे पाठवलेला, आणि मायलोकडून तिच्याकडे परत आलेला. पहाटेच्या उजेडातला पहिल्या दिवशीचा रंग. त्या रंगाशी तिने त्याच फुलांची तुलना केली होती आणि आपल्या फुलांना कमी ठरवलं होतं. त्यांचं पाणी तोडलं होतं.

"तू सारखं म्हणत होतीस ना, एकदा तरी बघायचंय," लॅड म्हणाला. "चाललं होतं तुझं, मला घेऊन चल, घेऊन चल. मला वाटलं, फोटो पाहून जरा..."

"जरा काय?"

"जरा शांत होशील."

ती कुणालाही काही न बोलता गाडीकडे गेली. मायलो मागून "बर्डी, अगं बर्डी" म्हणत उठला असावा, स्टूल पडल्याचा आवाज आला. तिने गाडी सुरू करेपर्यंत लॅड शेजारी येऊन बसला होता. त्याला सोडून जावं असं तिच्या मनात आलं नाही, हेही तिला अपमानासारखं वाटलं. इतक्या वर्षांची सवय अशी की भांडून निघतानाही माणूस दुसऱ्याचं दार बंद व्हायची वाट बघतो.

परतीचा रस्ता तिला नीट आठवला नाही. मायलोचं तिला अर्धं समजलं होतं. त्याचा राग तरी होता, जुना, बापावरचा, गवतावरचा, कदाचित तिच्यावरचा. रागाने माणूस मोडतोड करतो. पण लॅडला कसला राग होता? तिने आठवून पाहिलं. कसलाच नाही. तो तिच्या गुलाबाला वाट सोडून गवत कापायचा. तिच्यासाठी मधमाश्यांची थट्टा करायचा. आणि तिच्या आनंदाच्या वेळी नळ सोडून उभा राहायचा. या सगळ्यांनी मिळून तिला सांभाळलं होतं. तिच्या भोवती कुजबुजत, तिच्यावर दार ओढून घेऊन, आजाऱ्याला सांभाळतात तसं. आणि ती त्या बंद खोलीत बसून सगळ्यांना सांगत होती, पाय ठेवायला जागा नाही. रेमंडला माहीत होतं. चर्चमधल्या किती जणांना माहीत असेल? ती गुलाबाबद्दल बोलायला लागली की किती जणांनी एकमेकांकडे पाहिलं असेल?

घरी पोचल्यावर ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. दुपार झाली होती, फुलांचा वास गेला होता, परवाची फुलं पांढरी पडली होती. तिने त्यांच्याकडे पाहायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं ती त्यांच्यातून आरपार, पलीकडच्या उताराकडे बघत आली होती. आता नजर फुलापाशीच अडकत होती आणि पुढे जायला जागा नव्हती. नमुना हाच सगळा माल झाला होता. एवढीशी झुडपं, विटांच्या फटीतून आलेली. ती त्यांना बिचारी म्हणणार होती, पण तीही तिला परकी वाटली. फोटोच्या खोट्यात झुडपंही सामील होती.

लॅड आतून पाण्याचा ग्लास घेऊन आला, तिच्याजवळ ठेवला आणि खालच्या पायरीवर बसला, पाठ तिच्याकडे करून. त्याची मान उन्हाने भाजलेली होती, केस कापायला झाले होते. ही मान ती ओळखत होती. या मानेवरून तिला कळायचं, त्याला भूक लागलीय की झोप येतेय.

"मी चुकलो, बर्डी," तो म्हणाला.

"हो."

"तुला दुखावू नये एवढंच होतं."

"ते मला माहीत आहे."

तो जरा सैलावला. ती पाणी प्यायली. शेजारच्या अंगणात कुणीतरी यंत्र सुरू केलं आणि लगेच बंद केलं. मग तिने विचारलं. खरं म्हणजे तिला काही विचारायचंही नव्हतं. एवढं सगळं झाल्यावर माणूस शेवटचं काहीतरी बोलतो तसं ते तोंडून आलं, आणि त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं, तो ताबडतोब वळून "काहीच नाही गं, देवाशपथ" म्हणणार आणि ती त्यावर विश्वास ठेवणार, कारण कुठूनतरी सुरुवात करायलाच हवी होती.

"आणखी काय काय आहे, मला न सांगितलेलं?"

लॅडने मान वळवली नाही. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, समोर बघितलं, आणि तो आठवायला लागला.